आईच्या हातचा धम्म

आपल्या प्रत्येक घरात तथागत बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. घर दहा बाय दहाचे असो की सोसायटीतले, तसबिरीची भिंत ठरलेली असते आणि काचेवरची धूळ रोज पुसली जाते. सहा डिसेंबरला आपण लेकराबाळांना घेऊन चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची गाडी पकडतो. चौदा एप्रिलला पांढरी साडी, निळा झेंडा आणि खिरीचे पातेले ठरलेले असते. हे सारे अभिमानाचेच आहे. पण या दोन-चार मोठ्या दिवसांच्या मधले जे साधेसुधे दिवस असतात, पाणी भरण्याचे, डबे करण्याचे, पोरांच्या मागे लागण्याचे, उसनवारीचे, त्या दिवसांत आपला धम्म कुठे असतो?

हा प्रश्न काही एकट्या आम्हालाच पडलेला नाही. विहारात वंदना आटोपली की चपला घालता घालता बायका हेच बोलत असतात. "ताई, वंदना तोंडपाठ झाली, पण घरी गेल्यावर मन थाऱ्यावर राहत नाही." "ताई, पोरं ऐकत नाहीत, मग आमचा हात उठतो." यांतली कुणी कंपनीत पॅकिंगला जाते, कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी महापालिकेत झाडूकाम करते, कुणी दवाखान्यात आया आहे. धम्मासाठी वेळ काढा, असे त्यांना व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. तो वेळ आणायचा कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही.

आम्हीही त्यांच्यातल्याच. मुंबईच्या पूर्व उपनगरात, डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत आमचा संसार आहे. घरी दोन मुले, सासूबाई आणि पाळीपाळीने कामावर जाणारे आम्ही दोघे. तेव्हा आज जे लिहितो आहोत ते प्रवचन नव्हे. वाचनातून जे उमगले आणि घरात जे करून पाहिले, ते माताभगिनींपुढे ठेवतो आहोत.

श्रद्धा म्हणजे मागणे नव्हे

शेजारपाजारच्या बाया कधी कधी विचारतात, "तुमच्यात देव नाही, मग अडीअडचणीला तुम्ही हात जोडता कुणापुढे?" विचारणारीच्या मनात वाईट नसते. तिला खरोखरच कोडे पडलेले असते. तिच्या लेखी श्रद्धा म्हणजे कुणापाशी तरी मागणे, आणि मागितलेले मिळाले की नवस फेडणे. आपण मात्र बुद्धांपुढे हात जोडतो ते काही मागण्यासाठी नव्हे. बुद्धांनी स्वतःला देणारा म्हटलेच नाही, त्यांनी स्वतःला वाट दाखवणारा म्हटले. चालायचे आपल्यालाच आहे.

केसपुत्त गावच्या कालाम लोकांना बुद्धांनी जे सांगितले ते सर्वांना ठाऊक आहे. परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. ते आपल्या आणि दुसऱ्याच्या हिताचे आहे का, हे स्वतः पारखा आणि मग धरा. अशा पारखून ठेवलेल्या विश्वासाला पालीत 'सद्धा' म्हणतात. बाजारात आपण मेथीची जुडीसुद्धा उलटून पालटून घेतो. मग आयुष्य ज्यावर उभे करायचे तो विचार न पारखता कसा घ्यावा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या नीट वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. सुरुवातीच्या प्रतिज्ञा काय सोडायचे ते सांगतात: जुने देव, अवतार, श्राद्ध, पिंडदान. पुढच्या प्रतिज्ञा काय धरायचे ते सांगतात: अष्टांगमार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांवर दया, चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे, आणि प्रज्ञा, शील, करुणा यांवर आयुष्य उभे करणे. सोडण्याचे काम आपल्या आजीआजोबांनी केले. गावोगाव देव्हाऱ्यातले टाक नदीत, विहिरीत सोडले गेले. गावकीचा रोष पत्करून, बहिष्कार सोसून त्यांनी ते केले. त्यांचा वाटा त्यांनी पुरा केला. धरण्याचा वाटा आपल्याकडे आला आहे, आणि तो एका दिवसात उरकण्यासारखा नाही. रोज थोडा थोडा धरावा लागतो.

अष्टांगमार्गात सम्यक दृष्टीच्या पाठोपाठ सम्यक संकल्प येतो. माणसाच्या मनात इच्छा आणि आकांक्षा असणारच. त्या उदात्त असाव्यात, हलक्या नसाव्यात, असा त्याचा अर्थ बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उलगडला आहे. आपण आया एरवी मुलांच्या बाबतीत खूप काही इच्छितो. तो शिकावा, तिला नोकरी लागावी, घर व्हावे. संकल्प त्याच्या पुढचा आहे. आज, या घटकेला, मी हे का करते आहे, एवढे स्वतःला विचारणे म्हणजे संकल्पाने जगणे.

मोहरीचे दाणे

श्रद्धेची खरी परीक्षा विहारात होत नाही. ती रात्री दोन वाजता होते, जेव्हा तान्ह्या पोराचे अंग तापाने भाजत असते.

आमची धाकटी दोन वर्षांची असताना पावसाळ्यात एकदा असाच ताप चढला. घरचे रातपाळीला गेलेले. तिचे रडणे ऐकून शेजारच्या आजी उठून आल्या. पोरीच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, नजर लागलीय पोरीला. मीठमोहरी ओवाळून टाक, आणि सकाळी नाक्यावरच्या बाबाचा अंगारा आण." आजींनी आमच्या दोन्ही बाळंतपणांत आमचे अंग शेकले आहे. त्यांच्या मायेत खोट नाही. अशा माणसाला 'ही अंधश्रद्धा आहे' म्हणून तोडून टाकणे आम्हाला जमत नाही, आणि तो धम्मही नव्हे. आम्ही म्हटले, "आजी, तुम्ही तिच्यापाशी बसा आणि ओल्या फडक्याने अंग पुसत राहा. आम्ही रिक्षा बघतो." आजींनी लगेच पदर खोचला. दवाखान्यात रक्त तपासले, मलेरिया निघाला, औषधाने चार दिवसांत पोर उठून बसली. त्यानंतर गल्लीत कुणाच्या मुलाला ताप आला की आजीच आधी विचारतात, "रक्त तपासलं का?"

मोहरीचे नाव निघाले की आम्हाला किसा गोतमी आठवते. तिचे एकुलते एक बाळ दगावले. ते कडेवर घेऊन ती औषध मागत दारोदार फिरली. बुद्धांनी तिला सांगितले, ज्या घरात कुणाचाही मृत्यू झाला नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. मोहरी घरोघरी होती, पण मृत्यू न झालेले घर एकही नव्हते. बुद्धांनी तिला चमत्कार दाखवला नाही आणि खोटी आशाही दिली नाही. तिच्याच पायांनी तिला सत्यापर्यंत चालत नेले. तिचे दुःख तिच्या एकटीचे नाही, हे तिला प्रत्येक उंबरठ्यावर कळत गेले. आपल्या घरातही मोहरीचा डबा आहे. त्या दाण्यांनी नजर उतरवायची की गोतमीची गोष्ट मुलांना सांगायची, हे आपल्या हातात आहे.

मातेचे दुःख काय असते हे आपल्या रमाईंना विचारावे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. राजरत्न गेला ते १९२६ साल. घरात पैशाची चणचण, साहेब समाजाच्या कामात बुडालेले, आणि पदरात उरला एकटा यशवंत. तरी त्या माउलीने साहेबांच्या वाटेत आपले दुःख आडवे टाकले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. आज आपल्या गल्लीजवळ दवाखाना आहे, लस फुकट मिळते, तपासण्या होतात. जे रमाईंना मिळाले नाही ते हाताशी असताना आपण अंगाऱ्याच्या रांगेत उभे राहिलो, तर त्या चार लेकरांना आपण विसरलो असेच म्हणावे लागेल. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही झाला. पण घाबरलेल्या आईपाशी रात्री दोन वाजता कायदा येऊन उभा राहत नाही. तिथे तिचे स्वतःचे शहाणपणच उभे राहिले पाहिजे.

राहुलचा आरसा

मुलांना धम्म शिकवायचा कसा, असे पुष्कळ बायका विचारतात. त्यांना आम्ही राहुलची गोष्ट सांगतो, कारण यात शिकवणारा स्वतः बापच आहे.

मज्झिम निकायात राहुलोवाद सुत्त आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहुल राहत होता. बुद्ध तिथे गेले. राहुलने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर बुद्धांनी भांड्यात तळाशी थोडेसे पाणी ठेवले आणि राहुलला दाखवले: जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचे चांगुलपण एवढेच उरते. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी तोच बोध केला. पुढे विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच, बुद्ध म्हणाले, प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावर पाहावी. तिने मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का? होत असेल तर थांबावे.

सम्राट अशोकाने राजस्थानात बैराटजवळच्या शिलालेखात ज्या उपदेशांचे वारंवार श्रवण करावे म्हणून सांगितले, त्यांत राहुलला केलेला खोटे बोलण्याविषयीचा हा उपदेश आहे. भिक्खू-भिक्खुणींनीच नव्हे, तर उपासक-उपासिकांनीही तो ऐकावा, असे त्याने कोरून ठेवले. एका बापाने पोराला पाण्याच्या भांड्यावरून दिलेला धडा राजाला दगडावर कोरावासा वाटला.

या गोष्टीत ओरडणे नाही, मारणे नाही, आणि 'लोक काय म्हणतील' हेही नाही. रोजच्या वापरातले एक भांडे आहे. आपल्या घरात तर भांडीच भांडी आहेत! पण मुलांपुढे आपण कोणते भांडे धरतो? दारात भिशीवाली आली की आतून आवाज येतो, "सांग, आई घरी नाही." पोर दारात जाऊन तसे सांगते. त्याच संध्याकाळी तेच पोर पंचशील म्हणते, आणि चौथ्या शीलापाशी त्याचा आवाज मोठा असतो. त्याच्या मनात काय चालत असेल? त्यापेक्षा उंबरठ्यावर जाऊन, "बाई, या महिन्यात जमलं नाही, दहा तारखेला देते," असे सांगणे अवघड असते हे खरे. पण ते ऐकणारे पोर चौथे शील त्या दिवशी शिकते. पुन्हा कधी पाठ करून घ्यावे लागत नाही.

आरशाची रीत आम्ही घरात साध्या शब्दांत आणली आहे. रात्री अंथरुणे घातली की मुलांना दोनच प्रश्न विचारतो. आज कुणाच्या उपयोगी पडलास? आज कुणाला दुखवलंस? नियम असा की खरे सांगितले तर शिक्षा नाही. दुसरा नियम मुलांनीच घातला, की आईबाबांनीही उत्तर द्यायचे. एकदा थोरल्याने सांगितले, वर्गात एका मुलाच्या फाटक्या दप्तराला आम्ही सगळे हसलो. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दाभण आणि दोरा काढून ठेवला, आणि म्हणाल्या, "आण त्याला घरी, दप्तर शिवून देते." तो मुलगा आता आमच्याकडे अभ्यासाला येतो.

वेळ कुठून आणायचा

आमच्या वस्तीत पाणी पहाटे साडेचारला येते. हंडे भरेपर्यंत झोप उडालेली असते, आणि डोक्यात दिवसभराची यादी फिरू लागते. पाण्याची बारीक धार हंड्यात पडत असताना दहा मिनिटे उभे राहावेच लागते. ती दहा मिनिटे आम्ही ध्यानाची केली आहेत. डोळे मिटून बसणे नाही, आसन नाही. श्वास येतो, श्वास जातो, एवढ्यावर मन ठेवायचे. मन पळाले की परत आणायचे. यालाच सम्यक स्मृतीची पहिली पायरी म्हणतात. महापरिनिर्वाणाच्या वेळी बुद्धांनी शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा. नळापाशी उभे राहूनही गाफील न राहणे शिकता येते.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. उपयोग एवढाच की मुलांना उठवताना तोंडातून पहिला शब्द कोणता काढायचा, हे ठरवता येते. घाईत 'उठ रे मेल्या' असे निघते, कारण आपण तेच ऐकत लहान झालो. पण मुलाचे नाव आपण हौसेने ठेवलेले असते: सिद्धार्थ, संघमित्रा, राहुल, सुजाता. दिवसाची सुरुवात त्या नावानेच का होऊ नये? सुभेदार रामजी सकपाळ भीमाला पहाटेच्या अंधारात अभ्यासाला उठवीत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब झोपलेले असताना दिव्याच्या उजेडात तो पोर वाचत बसे. जागा नव्हती, शांतता नव्हती, पण बापाचा संकल्प पक्का होता.

संध्याकाळी साडेसात ते साडेआठ आमच्या घरातले सगळे मोबाईल तसबिरीखालच्या फळीवर ठेवलेले असतात. मोठ्यांचेही. पहिला आठवडा जड गेला. मग मुले वह्या काढून बसू लागली आणि आम्ही भाजी निवडता निवडता पाढे ऐकू लागलो. तास संपला की पाच मिनिटे त्रिसरण-पंचशील. एवढेच. यात एक पैशाचा खर्च नाही.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. ज्या दिवशी त्यांना गुडघ्यामुळे विहारात जाता येत नाही, त्या दिवशी नात घरी वाचून दाखवते. नात अडखळते तेव्हा सासूबाई पुढचे वाक्य सांगतात, कारण इतकी वर्षे ऐकून त्यांना ते ठाऊक आहे. वाचता न येणारी आजी आणि अर्थ न कळणारी नात, दोघी मिळून ग्रंथ पुरा करतात.

चार वाटे

संकल्पाने जगायचे तर पैशाकडे पाहावेच लागते. आपल्या वस्तीत आजकाल पोराच्या पहिल्या वाढदिवसाला तीन मजली केक, मंडप आणि डीजे असतो. हळदीचा खर्च लग्नाइतका होतो. त्यासाठी बचत गटातून कर्ज उचलले जाते, आणि दोन वर्षे हप्ता फेडताना त्याच पोराच्या दुधात पाणी पडते. हौसेला आमचा विरोध नाही. ज्यांच्या वाडवडिलांना चांगले कपडे घालण्याचीही बंदी होती, त्यांनी हौस का करू नये? पण ती हौस आपली आहे की शेजाऱ्याला दाखवण्याची, हे एकदा आरशात पाहावे.

दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला संसार कसा करावा ते सांगितले आहे. कमाईचे चार वाटे करावेत. एका वाट्यात घरखर्च भागवावा, दोन वाटे कामधंद्यात घालावेत, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. आपली कमाई ती काय आणि वाटे ते काय, असे कुणी म्हणेल. मजुराच्या संसारात घरखर्चच सगळे गिळतो, हे आम्हीही जाणतो. म्हणून आम्ही त्याचा भाव घेतो. कामधंद्याचा वाटा म्हणजे मुलांचे शिक्षण. अडचणीचा वाटा महिना शंभर रुपयांचा का असेना, पण तो मोडायचा नाही. वाढदिवसाला घरी खीर, विहारात पाच मुलांना वह्या, आणि ज्याचा वाढदिवस त्याला एक पुस्तक. मुले आधी हिरमुसतात. मग आपल्या नावाची पुस्तके मोजू लागतात. याच सुत्तात संपत्ती गमावण्याची कारणेही सांगितली आहेत: दारू, अवेळी भटकणे, तमाशे, जुगार, वाईट संगत आणि आळस. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आपल्या नाक्यावर उभे राहून लिहिल्यासारखी वाटते.

आईचे ताट

आता जे सांगायचे आहे ते सर्वांत महत्त्वाचे, आणि ते पुरुष वाचकांनीही वाचावे.

आपल्याकडे चांगली आई म्हणजे जी सर्वांत शेवटी जेवते ती. पातेल्याच्या तळाशी राहिलेले कालवण, शिळी भाकर आणि वर पाणी. याला आपण त्याग म्हणतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. दर दोन बायांमागे एक! डोळ्यांपुढे अंधारी येणारी आई मुलांना कोणता धम्म शिकवणार? करुणा सर्व प्राणिमात्रांवर करायची असेल, तर त्या प्राणिमात्रांत आपण स्वतः येत नाही काय?

बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना शेवटी जेवायला कधीच सांगितले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की जातीची खूण सांगणारी राहणी टाका, स्वच्छ नीटनेटके लुगडे नेसा, मुलींना शाळेत घाला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेचे बिल आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७ मध्ये ही रजा २६ आठवड्यांची झाली. कारखान्यात, ऑफिसात काम करणाऱ्या आपल्या मुली ती घेतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पदरात मात्र ती अजून पडत नाही, आणि म्हणूनच तिच्या घरच्यांनी तिला ती विश्रांती दिली पाहिजे.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. तिथे बाबासाहेबांनी सांगितले, की मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरा, न्यूनगंड काढून टाका, लग्नाची घाई करू नका, आणि नवऱ्याची दासी होऊ नका, त्याची बरोबरीची मैत्रीण व्हा. हे ऐकून आपल्या आज्या चालत, बैलगाडीने, रेल्वेने आपापल्या गावी परतल्या. त्या बोलण्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आपल्या घरातली ताटे मात्र अजून त्याच क्रमाने वाढली जातात.

आमच्याकडे आता सगळे एकत्र जेवतात. कालवण आधी पाच वाट्यांत वाढले जाते, मग पातेले चुलीवरून उतरते. रविवारी भाकरी थापायचे काम आम्हा बायकांचे नाही. घरच्यांनी पहिल्यांदा थापलेल्या भाकरीचा आकार भारताच्या नकाशासारखा होता. सासूबाई हसून म्हणाल्या, "लेका, तव्यावर पडली ना, मग भाकरच!" मुलगा बापाच्या शेजारी बसून पीठ मळतो. कुणी त्याला समतेवर भाषण दिलेले नाही.

आणि आई म्हणजे फक्त आई नव्हे, हेही धम्मानेच शिकवले. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. महाप्रजापती गोतमीने त्याला वाढवले. मुलगा वाढवला, संसार पार पडला, आता कोपऱ्यात बसावे, असे तिने केले नाही. शाक्य स्त्रियांना बरोबर घेऊन ती कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली. पाय सुजले, अंगावर धूळ बसली, तरी स्त्रियांसाठी संघाचे दार उघडल्याखेरीज ती मागे फिरली नाही. आपल्याही समाजात उर्मिला पवारांची आई रत्नागिरीकडच्या गावात बांबूची सुपे-टोपल्या विणून मुलांना वाढवीत होती. त्या विणण्याचेच नाव लेकीने पुढे आपल्या आत्मचरित्राला दिले, 'आयदान'. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या, आणि त्यातून 'जिणं आमुचं' उभे राहिले. या बायकांना वेळ कुणी काढून दिला नव्हता. तेव्हा दिवसातली अर्धी घटका स्वतःच्या वाचनाला, विहाराला किंवा नुसते शांत बसायला घेणारी आई स्वार्थी नाही. ती मुलीला दाखवून देते की बाईच्या आयुष्याला तिचे स्वतःचेही मोल असते.

उद्यापासून

माताभगिनींनो, यांतले सगळे एकदम धरू नका. एकदम धरलेले एकदम सुटते. या पौर्णिमेपासून एकच गोष्ट निवडा. मुलाला नावाने उठवणे असेल, रात्रीचे दोन प्रश्न असतील, मोबाईलचा एक तास असेल, किंवा सर्वांबरोबर आपले ताट वाढून घेणे असेल. जी निवडाल ती पुढच्या पौर्णिमेपर्यंत चालवा. राग आला, दमलात, एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा. पुन्हा धरणे हाही धम्मच आहे. घरातल्या पुरुषांनी एक गोष्ट आपल्या नावावर घ्यावी. आईने एकटीने ओढलेला गाडा फार दूर जात नाही.

आपली मुले शिकतील, मोठी होतील, या वस्तीतून बाहेरही पडतील. नव्या घरी ती तसबीर नेतील यात आम्हाला शंका नाही. पण तसबिरीबरोबर खरे बोलण्याची हिंमत, घाबरल्या वेळी विचार करण्याची सवय आणि बायकोला आधी वाढायची बुद्धी नेली, तर आजीआजोबांनी नदीत देव सोडले ते सार्थकी लागले म्हणायचे. ती शिदोरी बांधण्याचे काम आज, याच स्वयंपाकघरात, आपल्या हातून चालले आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!